येरवड्याच्या भिंतीपासून आपल्या आळीपर्यंत

(मानसिक आरोग्यसेवेच्या इतिहासावरील आकाशवाणी भाषणाचा संपादित भाग)

मराठीत काही गावांची नावं थट्टेत एका वेगळ्याच अर्थानं येतात. पुण्याकडे कोणी जरा विचित्र वागलं, की 'याला येरवड्याला पाठवा' असं सहज म्हटलं जातं. मुंबईकर त्याच अर्थानं ठाण्याचं नाव घेतो, कोकणातला माणूस रत्नागिरीचं. नागपुरात तर एका चौकाला लोक 'पागलखाना चौक' म्हणूनच ओळखतात. या चारही शहरांत सरकारी मनोरुग्णालयं आहेत, म्हणून ही नावं बोलण्यात रुळली. पण या थट्टेतलं 'पाठवा' हे क्रियापद जरा लक्षात घ्या. मन आजारी पडलेल्या माणसाला आपल्यातून उचलून कुठेतरी लांब पाठवायचं असतं, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की ती आपल्याला जाणवतही नाही.

ही समजूत काही अनादिकालापासूनची नाही. ती साधारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे. ती कशी रुजली आणि गेल्या सत्तर वर्षांत उपचार पुन्हा रुग्णाच्या घराकडे कसे सरकत आले, ते आज आपण पाहू. हा इतिहास केवळ डॉक्टरांच्या कामाचा नाही. घरातलं एखादं माणूस रात्र-रात्र झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, अशा वेळी सकाळी उठून कोणाचं दार ठोठवायचं, या अगदी घरगुती प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

इस्पितळ की तुरुंग?

इंग्रजी अमलापूर्वी वेडसर माणसासाठी वेगळी इमारत बांधण्याची रीत आपल्याकडे सर्वसाधारण नव्हती. तो घरातच असायचा, गावातून फिरायचा. कोणी दोन घास द्यायचं, कोणी दगड मारायचं. आयुर्वेदात उन्मादाची लक्षणं आणि उपचार सांगितलेले होते, ते करणारे वैद्यही होते. त्यांच्या जोडीला देवऋषी, मांत्रिक आणि देवस्थानं होती. नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर इथे 'बाधा' झालेल्यांना घेऊन जाण्याची प्रथा आपल्याला ठाऊक आहेच. तो काळ फार दयाळू होता असं मानण्याचं कारण नाही. पण आजारी माणूस जवळच्यांच्या डोळ्यांसमोर असे, एवढं खरं.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. मुंबईत कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ त्या शतकाच्या पूर्वार्धातच निघालं होतं. १८५८ साली, म्हणजे कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं त्याच वर्षी, अशा इस्पितळांसाठी कायदा झाला. मोकाट फिरणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे आणायचं, सरकारी डॉक्टरनं तपासायचं आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं त्याला आत घालायचं, अशी ती व्यवस्था होती. नागपूरचं इस्पितळ १८६४ सालचं, रत्नागिरीचं १८८६ सालचं आणि ठाण्याचं १९०१ सालचं. येरवड्याचं त्यानंतर काही वर्षांनी आलं. उंच भिंती, मोठा दरवाजा, आत बराकी. येरवड्याला तर तुरुंग आणि मनोरुग्णालय एकाच गावात आले.

१९१२ साली नवा कायदा आला. तुरुंग खात्याकडे असलेली ही इस्पितळं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती गेली. १९२०च्या सुमारास 'लुनॅटिक असायलम' ही पाटी उतरवून 'मेंटल हॉस्पिटल' अशी पाटी लागली. पण बहुतेक रुग्णांची आत जाण्याची वाट मॅजिस्ट्रेटच्या टेबलावरूनच जात राहिली. या १९१२च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा १९८७ साली संमत झाला आणि तो प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ साल उजाडलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पंचेचाळीस वर्षं आपण इंग्रजांच्या त्याच कायद्यावर कारभार चालवला.

बरं, या भिंतींच्या आत तरी किती जणांना जागा होती? देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यातला हिशेब बोलका आहे. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयातली एक खाट होती. हिंदुस्थानात सुमारे ४० हजार लोकांमागे एक! साहजिकच, ज्यांना 'पाठवलं' गेलं ते मूठभर होते. बाकीचे सगळे घरातच होते, आणि त्यांच्या घरच्यांना काय करावं हे सांगणारं कोणीही नव्हतं.

अमृतसरचे तंबू

या कोंडीतून पहिली वाट निघाली ती अमृतसरला. फाळणीत जमिनी, कचेऱ्या, फायली यांची वाटणी झाली, तशी मनोरुग्णांचीही झाली. १९५०च्या अखेरीस लाहोरच्या मनोरुग्णालयातले शेकडो हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले, इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे पाठवले गेले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंह' ही गाजलेली कथा याच अदलाबदलीवर आहे.

या अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. दारात भरतीसाठी रीघ, आत पाय ठेवायला जागा नाही, परिचारिका अपुऱ्या, अशी तेव्हाची स्थिती. डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीही इथेच राहा. तोवरचा शिरस्ता नेमका उलटा होता. नातेवाइकांनी रुग्ण सोडायचा आणि दरवाज्यातून परत फिरायचं. आता आई, बायको, भाऊ रुग्णाजवळ राहू लागले. त्याला जेवू घालू लागले, औषध देऊ लागले. डॉक्टर या सगळ्यांना एकत्र बसवून हा आजार काय आहे ते त्यांच्या ओळखीच्या गोष्टींचे दाखले देत समजावून सांगत.

सुरुवात माणसं कमी म्हणून झाली, पण निष्पन्न काही वेगळंच झालं. शेजारच्या तंबूतला रुग्ण बरा होताना दिसला की आपलाही बरा होईल असं घरच्यांना वाटू लागे. आजार असाध्य आहे, कोणाची करणी आहे, घराण्याला लागलेला कलंक आहे, ही भीती डोळ्यांदेखत विरघळत असे. रुग्णाला एकटं टाकल्यासारखं वाटत नसे. आणि घरी परतताना घरच्या माणसांना औषध कसं द्यायचं, राग आला तर कसं सांभाळायचं, पुन्हा लक्षणं दिसली तर कधी यायचं, हे शिकवायला लागत नसे. ते शिकूनच निघत. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही रुग्णासोबत कुटुंबानं राहण्याची पद्धत रुजली.

या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं. टंचाईपायी जवळच्या माणसांची मदत घ्यावी लागते, आणि मग लक्षात येतं की ती मदत हा उपचाराचाच मोठा भाग आहे.

गोळी गावात पोचली

याच सुमाराला आणखी एक मोठी घटना घडली. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध तीव्र मानसिक आजारांवर वापरलं गेलं आणि काही वर्षांतच ते जगभर पोचलं. भास, संशय, आरडाओरडा यांनी ग्रासलेला रुग्ण औषधानं शांत होऊ लागला, घरी राहू शकू लागला. युरोप-अमेरिकेत मोठमोठी मनोरुग्णालयं रिकामी होऊ लागली. मात्र बाहेर पडलेल्यांसाठी वस्तीत पुरेशी सोय न केल्यामुळे अनेक जण रस्त्यावर आले, हा धडाही तिथेच मिळाला.

आपल्यापुढचा प्रश्न वेगळा होता. आपल्याकडे रिकामी करायला इस्पितळंच थोडी होती. औषध होतं, पण ते देणारा डॉक्टर शंभर-दोनशे मैलांवर. १९७५ साली दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेनं डॉ. एन. एन. विग यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातल्या रायपूर राणी भागात, आणि बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेनं जवळच्या सकलवाडा भागात. कल्पना साधी होती. गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला मोजक्या आजारांची लक्षणं ओळखायला शिकवायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मोजकी औषधं द्यायला शिकवायचं आणि अवघड रुग्ण तेवढे तज्ज्ञाकडे धाडायचे. क्षयासाठी, हिवतापासाठी जे यंत्र गावोगाव उभं होतं, त्याच्याच पाठीवर हे काम बसवायचं होतं.

या अनुभवावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. १९८५पासून कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो जिल्हाभर राबवून पाहिला आणि १९९६-९७ साली देशातल्या चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग दिसतो, त्यामागे हा सारा इतिहास आहे. अर्थात, कागदावर आखलेलं सगळं प्रत्यक्षात आलं असं नाही. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहिल्या, औषधं संपली की महिनोन् महिने आली नाहीत, अशा तक्रारी या कार्यक्रमाच्या पाठीशी कायम राहिल्या.

भिंतीला लागून उगवलेलं झाड

सरकारी वाटेबरोबर दुसरी एक वाट लोकांनीच पाडली, आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात! व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे नव्या रुग्णांना हात देऊ लागली. व्यसनी माणसाच्या बायकोचीही फरपट झालेली असते, म्हणून तिच्यासाठी 'सहचरी' हा गट निघाला. ज्यानं ते भोगलं आहे त्यानं दुसऱ्याला सावरायचं, हे तत्त्व अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसनं आधीच सिद्ध केलं होतं.

ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. ज्या शहराच्या नावानं थट्टा होत होती, त्याच शहरात सर्वसामान्य माणसं मनाविषयीच्या व्याख्यानांना आणि शिबिरांना येऊन बसू लागली. कॅनडातल्या कॅलगरी इथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. या संस्थेनं रुग्ण आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट चालवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा पोचला तो त्या चित्रपटामुळे.

स्वमदत गटात नेमकं काय घडतं, असा प्रश्न पडेल. माणसं गोल करून बसतात आणि आळीपाळीनं बोलतात. मुलाच्या आजाराबद्दल वीस वर्षं भावकीत अवाक्षर न काढलेली आई तिथे पहिल्यांदा बोलते, आणि समोरची बाई म्हणते, 'आमच्याकडेही असंच होतं.' या वाक्यानं आजार बरा होत नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं बळ त्यातून येतं.

एरवाडीची आग

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. वस्तीत, आपल्या माणसांत असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं सरसकट म्हणता येत नाही. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथला दर्गा प्रसिद्ध आहे. मानसिक आजार झालेल्यांना तिथे आणण्याची प्रथा होती आणि अशा रुग्णांना पैसे घेऊन ठेवणारी खासगी निवासं दर्ग्याच्या आसपास निघाली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका निवासाच्या झापांच्या शेडला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण मरण पावले. सारा देश हादरला, सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

मेलेल्या प्रत्येकाला त्याच्या घरच्या कोणीतरीच तिथे आणून सोडलं होतं. ती माणसं दुष्ट होती असं नाही. थकलेली होती, आणि जवळपास दुसरं दार त्यांना ठाऊक नव्हतं. ज्ञान आणि कायदा यांच्याशिवाय नुसता 'समाज' माणसाला साखळीही घालू शकतो, हे एरवाडीनं शिकवलं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरानं किंवा साखळीनं बांधणं, मारहाण करणं हा त्यात गुन्हा ठरवला आहे. मे २०१८मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळदंडांवर देशभर बंदी घातली, उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि समाजात राहण्याचाही हक्क दिला. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात तर मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले. दुवाही घ्या आणि दवाही घ्या, असा तो उपक्रम आहे.

गोव्याच्या आरोग्य केंद्रांत

आता अलीकडे येऊ. तीव्र आजारांपेक्षा कितीतरी अधिक माणसं उदासीनता आणि चिंता यांनी पोखरलेली असतात. ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत. 'डोकं दुखतं, अंग मोडून येतं, झोप नाही, टेन्शन आहे' असं सांगत साध्या दवाखान्यात येतात आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परत जातात. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली या रुग्णांसाठी प्रयोग केला. गोव्यातल्याच साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं आणि २४ दवाखान्यांत हा प्रयोग करून पाहिला. निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं, निम्मे खासगी डॉक्टर. समुपदेशक रुग्णाचं ऐकून घेई, झोप आणि अंगदुखीचा मनाशी संबंध कसा ते समजावी, श्वासाचे व्यायाम शिकवी, आला नाही तर चौकशी करी. औषध डॉक्टरच देत आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असे.

२०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनंतर समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर मुळातच रुग्णाला ओळखतात, त्याच्याशी बोलतात, हे त्याचं एक कारण असू शकेल. कोणीतरी आपलं ऐकतं आहे, या गोष्टीला उपचारात किती मोल आहे, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात येतं.

पुढे शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत याच धर्तीवर 'विश्राम' हा उपक्रम झाला. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांना कुठली तरी मदत मिळत होती, नंतर सत्तावीस जणांना मिळू लागली. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमानं गावातल्याच विश्वासू माणसांना शेजाऱ्यांचं दुःख ऐकायला शिकवलं. राज्य सरकारनं २०१५ साली 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला तेव्हा घरोघर जाण्याचं काम आशा कार्यकर्त्यांकडेच आलं.

मग दार कोणाचं ठोठवायचं?

इतकं होऊनही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अंतर कमी झालं आहे, संपलेलं नाही. त्यातलं काही सरकारनं कापायचं आहे, काही आपण.

म्हणून शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. गावात असाल तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर हे पहिलं दार. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. बोलायचं धाडस होत नसेल तर ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. व्यसनाचा किंवा दीर्घ आजाराचा प्रश्न असेल तर जवळच्या शहरातल्या स्वमदत गटाचा शोध घ्या. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल तर ती धमकी समजून दुर्लक्ष करू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नाही, तर अतिशय ताणाखाली असलेली व्यक्ती म्हणून पाहावं, असं २०१७ साली संमत झालेला कायदाच सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं लपवू नका.

आणि शेजारी म्हणून आपण काय करायचं? सल्ले कमी द्यावेत आणि चौकशी अधिक करावी. 'लग्न करून द्या, सुधारेल' हे तर कधीच सांगू नये. त्यापेक्षा पुढच्या तारखेला त्या घरातल्या आईबरोबर एस.टी.त बसून जिल्हा रुग्णालयापर्यंत जावं, केसपेपर काढायच्या रांगेत तिच्यासोबत उभं राहावं. एवढ्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही.